अतिथंड प्रदेशात कमी इंधनाचे घर कसे बांधावे: सोलापूरहून लडाखच्या कामावर जाणाऱ्यांसाठी

राष्ट्रीय इमारत संहितेने भारताचे पाच हवामान विभाग पाडले आहेत. त्यांत सोलापूर उष्ण-कोरड्या विभागात येते आणि लेह थंड विभागात. सोलापुरात स्थापत्याची पदविका किंवा पदवी घेऊन, काही वर्षे इथल्या साइटवर काढून, जे तरुण अभियंते, सुपरवायझर आणि छोटे कंत्राटदार लडाखमधल्या शाळा, वसतिगृहे, निवासी इमारती किंवा होम-स्टेच्या कामावर जाण्याचा विचार करतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सिमेंट, सळई, वीट, थर्माकोल, काच ही सामग्री दोन्हीकडे तीच आणि उष्णतेचे नियमही तेच. फरक इतकाच की आपल्याकडे ऊब भिंतीच्या बाहेर असते, तिकडे आत. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीवरून ठरते. म्हणून कोणताही तपशील काढताना ‘यातली उबदार बाजू कोणती’ हे आधी विचारावे आणि मगच पेन्सिल उचलावी.

पायरी १: हवामानाचे आकडे समोर ठेवा

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सोलापुरात पहाटे पारा १५-१६ अंशांवर आला की आपण कानटोप्या काढतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटरवरच्या लेहमध्ये जानेवारीच्या रात्री तो उणे १५ च्या आसपास असतो, कधी त्याच्याही खाली जातो, आणि द्राससारख्या ठिकाणी थंडी याहून कडक असते. घरात २० अंश राखायचे ठरवले, तर आत-बाहेर ३५ अंशांचा फरक पडतो. मे महिन्यात बाहेर ४२ आणि एसीच्या खोलीत २६ असताना आपल्याकडे हाच फरक १६ अंशांचा असतो, तोही दुपारच्या काही तासांपुरता. लेहमध्ये रात्रीचा मोठा फरक महिनोन्‌महिने पडत राहतो.

जमेची बाजू म्हणजे ऊन. लेहचा वर्षाचा पाऊस १०० मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे हिवाळ्यातही बहुतेक दिवस आकाश निरभ्र असते आणि उंचीवरच्या विरळ हवेमुळे ऊन प्रखर लागते. काश्मीरच्या खोऱ्यात किंवा उत्तर युरोपात महिनाभर सूर्य ढगाआड राहतो, तेव्हा तिथले उपाय जसेच्या तसे लडाखला लावणे चुकीचे, आणि लडाखचे तिकडे लावणेही चुकीचे. ‘थंड प्रदेश’ एवढ्या एका नावाखाली भिन्न हवामाने येतात. आपल्या साइटचे किमान तापमान, ऊन, वारा आणि बर्फ हे चार आकडे स्वतंत्रपणे मिळवा.

पायरी २: भिंतीचा हिशेब हाताने करून पाहा

सॉफ्टवेअर नंतर येईल. आधी कागदावर गणित करावे, कारण त्यातूनच कुठे खर्च करायचा याची समज येते. भिंतीच्या एक चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, किती वॉट उष्णता निघून जाते, तो आकडा म्हणजे यू-व्हॅल्यू. ती जितकी कमी तितकी भिंत चांगली. थराची जाडी मीटरमध्ये घेऊन तिला त्या पदार्थाच्या उष्णतावाहकतेने भागले की त्या थराचा रोध मिळतो. सगळ्या थरांचे रोध आणि आतल्या-बाहेरच्या पृष्ठभागांचे मिळून ०.१७ यांची बेरीज करायची आणि एकाला त्या बेरजेने भागायचे, की यू-व्हॅल्यू हाती येते.

आपली नेहमीची नऊ इंची, म्हणजे २३० मि.मी.ची, दोन्हीकडून गिलावा केलेली विटांची भिंत घ्या. तिची यू-व्हॅल्यू जवळपास २ येते. दहा चौरस मीटर भिंत आणि ३५ अंशांचा फरक धरला, तर तिच्यातून सतत ७०० वॉट बाहेर जातात. चारही बाजूंनी मिळून अशी चाळीस चौरस मीटर भिंत असलेली एकटी खोली घेतली, तर नुसत्या भिंतींसाठी २.८ किलोवॉटचा हीटर दिवसरात्र चालू ठेवावा लागेल.

याच भिंतीवर ५० मि.मी. थर्माकोल लावले की दहा चौरस मीटरमागे ७०० चे सुमारे १९० वॉट होतात. १०० मि.मी. लावले की ११०. आणि २०० मि.मी. लावले की ६०. पहिल्या ५० मि.मी.ने ५१० वॉट वाचले, शेवटच्या १०० मि.मी.ने फक्त ५०. म्हणून एका भिंतीवर जाड थर चढवून दुसरी उघडी ठेवण्यापेक्षा, सगळ्या बाजूंना मध्यम जाडीचा पण अखंड थर देणे केव्हाही फायद्याचे ठरते. मालकाचे बजेट तुटपुंजे असले, तर हे गणित त्याच्यासमोर मांडा; ते पटवून द्यायला दुसरे काही लागत नाही.

सोबतीला काही वाहकता पाठ ठेवा. थर्माकोल सुमारे ०.०३७, रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) साधारण तेवढेच, पफ (पॉलियुरेथेन फोम) ०.०२५ च्या आसपास, लाकूड ०.१३, एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक ०.१६ ते ०.२, वीट ०.८, आरसीसी १.६, लोखंड ५०, आणि अ‍ॅल्युमिनियम २०० च्याही वर. आरसीसी आणि थर्माकोल यांतला फरक चाळीसपटींहून जास्त आहे, हे लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले.

नियम काय म्हणतो, हेही पाहायला हवे. निवासी इमारतींसाठीच्या २०१८ च्या इको निवास संहितेनुसार छताची यू-व्हॅल्यू १.२ पेक्षा जास्त नसावी आणि थंड विभागात छत वगळता बाकी आवरणाची सरासरी १.८ पेक्षा जास्त नसावी. आपली नऊ इंची भिंत या सैल मर्यादेतही बसत नाही. जर्मनीतल्या डार्मस्टाड्ट इथे १९९१ मध्ये उभ्या राहिलेल्या पहिल्या ‘पॅसिव्ह हाउस’ने जी परंपरा सुरू केली, तिच्यात भिंतीसाठी ०.१५ च्या आसपासची यू-व्हॅल्यू धरतात आणि घर तापवायला वर्षाला चौरस मीटरमागे १५ युनिटपेक्षा जास्त ऊर्जा लागू नये अशी अट असते. शंभर चौरस मीटरच्या घराला वर्षभरात १,५०० युनिट. एका लिटर केरोसीनमध्ये साधारण दहा युनिट धरले तर दीडशे लिटर. माझ्या मते लडाखच्या साध्या घरासाठी ०.३ ते ०.३५ ची भिंत हे व्यवहार्य लक्ष्य आहे, कारण उरलेले काम तिथले ऊन करते.

पायरी ३: घराचे तोंड दक्षिणेला करा

सोलापुरात दक्षिणमुखी प्लॉट घ्यायला गिऱ्हाईक नाक मुरडते आणि दलालही त्याचा भाव पाडून सांगतो. लेहमध्ये असा प्लॉट मिळाला तर हातचा सोडू नका. लेहचे अक्षांश ३४ अंशांच्या जरा वर आहेत. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून फक्त ३२ अंश वर असतो. खिडकीची वरची कड फरशीपासून २.१ मीटरवर असेल, तर ऊन खोलीत सव्वातीन मीटर आत शिरते. जूनमध्ये तोच सूर्य दुपारी ७९ अंशांवर असतो, त्यामुळे दीड मीटर उंचीच्या खिडकीला ३० ते ४० सें.मी.चे छप्पर पुढे काढले की उन्हाळ्यातले दुपारचे ऊन आपोआप अडते. सोलापुरात जूनचा सूर्य दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो, म्हणून आपल्याला हा हिशेब कधी सुचलेला नसतो.

दक्षिणेचे ऊन घरात घेण्याच्या तीन रीती लडाखमध्ये रुळल्या आहेत. पहिली सरळ खिडकीची. दुसरी ट्रॉम्ब भिंतीची: दक्षिणेच्या जड भिंतीला बाहेरून काळा रंग द्यायचा, तिच्यापुढे हातभर नव्हे तर चार-सहा इंच अंतर सोडून काच बसवायची, आणि दिवसभर तापलेली ती भिंत रात्री आतल्या खोलीला ऊब देते. फेलिक्स ट्रॉम्ब आणि वास्तुविशारद जाक मिशेल यांनी फ्रान्समधल्या ओडेयो इथे १९६७ मध्ये अशी घरे बांधली आणि भिंतीला त्यांचेच नाव पडले. तिसरी रीत हरितगृहाची, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीला लागून हिवाळ्यापुरता प्लॅस्टिकचा किंवा काचेचा पडवीसारखा भाग उभारायचा. लेहजवळ फे इथे ‘सेकमोल’ या १९८८ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक संस्थेचा परिसर आहे. ठोकलेल्या मातीच्या भिंती, दक्षिणेची काच आणि हिवाळ्यात लावायचा प्लॅस्टिकचा पडदा यांच्या जोरावर तिथल्या इमारती उबदार राहतात. कामाला सुरुवात करण्यापूर्वी तो परिसर पाहून यावा.

दिवसा वापरायच्या वर्गखोलीला सरळ खिडकी उत्तम, कारण ऊन पडताच खोली तापते. रात्री झोपायच्या खोलीला ट्रॉम्ब भिंत बरी, कारण तिची ऊब काही तास उशिरा आत पोहोचते. हरितगृहाचे दार मात्र सूर्य कलला की बंद व्हायलाच हवे, नाहीतर दिवसभराची कमाई तासाभरात बाहेर जाते.

उत्तरेकडे खिडक्या कमीत कमी ठेवून तिथे कोठी, जिना, संडास अशा गोष्टी ढकलाव्यात. घराचा आकार आटोपशीर, खाचखळगे नसलेला असावा.

पायरी ४: पाया

आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात जमीन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून माती फुगली की पाया कसा उचलला जातो हे सोलापूरच्या अभियंत्याला शिकवावे लागत नाही. थंड प्रदेशात हेच काम बर्फ करतो. बारीक गाळाची माती, तिच्यात पाणी आणि गोठवणारी थंडी, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की जमिनीत बर्फाचे थर तयार होऊन ती वर येते. तिन्हींपैकी एक काढून टाकली तरी भागते: पाया गोठणखोलीच्या, म्हणजे हिवाळ्यात जमीन जिथवर गोठते त्या खोलीच्या, खाली न्या, किंवा पायाभोवती खडी भरून पाण्याला वाट द्या, किंवा पायाच्या बाहेरच्या कडेला एक्सपीएस (थर्माकोलच्याच जातीचा, पण घट्ट फोम) शीट लावून जमिनीत थंडी शिरू देऊ नका. लेहच्या कोरड्या, रेती-गोट्यांच्या जमिनीत हा त्रास कमी. ओढ्याकाठी किंवा सिंचनाच्या कालव्याशेजारी जास्त.

अलास्का आणि सैबेरियात कायम गोठलेली जमीन असते. तिथे चिंता उलटी, घराची ऊब खाली जाऊन बर्फ वितळू नये याची. म्हणून याकुत्स्कमध्ये इमारती खांबांवर उचलून खालून वारा खेळता ठेवतात.

जमिनीवरच्या फरशीखाली आणि विशेषतः तिच्या कडेला इन्सुलेशन द्यायला विसरू नका. इथे थर्माकोलपेक्षा एक्सपीएस घ्यावे, कारण ते पाणी फारसे धरत नाही आणि वजनही पेलते.

पायरी ५: भिंतीच्या थरांचा क्रम

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

सोलापूर भागातली जुनी माळवदाची घरे आठवा: दोन-अडीच फुटांच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी सरे, त्यांवर पाला आणि पांढऱ्या मातीचा जाड थर, उजेडाला आणि धुराला साणे. भर मे महिन्यात दुपारी त्या घरात गारवा का असतो? कारण भिंत दिवसाची उष्णता आपल्या अंगात घेते आणि ती आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत रात्र होते; रात्री बाहेर गारवा आला की भिंत पुन्हा रिकामी होते. भिंत दिवस-रात्रीची सरासरी काढते. ती सरासरी सोसण्यासारखी असते, म्हणून युक्ती चालते.

लडाखमधल्या जुन्या घरांशी आपले माळवद बरेच जुळते. तिथेही मातीच्या विटांच्या जाड भिंती, पॉपलरच्या तुळया, त्यांवर विलोच्या काटक्या आणि वर ‘मरकलाक’ नावाच्या चिकणमातीचा लेप असतो. पण जानेवारीत लेहच्या दिवस-रात्रीची सरासरीच शून्याखाली असते, तेव्हा नुसती जाड भिंत शून्याखालची सरासरी प्रामाणिकपणे आत आणून देते. सगळे घर २० अंशांवर ठेवायची अपेक्षा त्या घरांत कधी नव्हतीच. हिवाळा एका स्वयंपाकखोलीत, चुलीभोवती काढायचा असे. आज मालकाला सगळ्या खोल्या वापरायच्या असतात, आणि मग जाड भिंतीला इन्सुलेशनची जोड लागते.

ते आतून लावायचे की बाहेरून, हा खरा प्रश्न. पायरी २ मधल्या नऊ इंची भिंतीला १०० मि.मी. थर्माकोल बाहेरून लावले, आत २० आणि बाहेर उणे १५ असले, तर विटांचा थर सगळा १५ ते १८-१९ अंशांदरम्यान उबदार राहतो. दिवसा खिडकीतून आलेले ऊन तो साठवतो, रात्री परत देतो. तेच थर्माकोल आतून लावले, तर यू-व्हॅल्यू अगदी तेवढीच येते, पण थर्माकोलच्या पाठीमागची विटेची बाजू उणे ११ अंशांवर जाते. म्हणजे विटांची साठवण वाया गेली, आणि घरातली वाफ तिथवर पोहोचली की तिचा बर्फ होणार, उन्हाळ्यात पाणी होणार, आणि गिलावा सुटणार. कागदावरचा आकडा सारखा असूनही दोन भिंतींत इतका फरक पडतो.

तेव्हा नियम असा: वजन आत, इन्सुलेशन बाहेर. बाहेरून शीट लावणे परवडत नसेल, तर लडाखमध्ये चालणारा दुसरा उपाय म्हणजे दुहेरी भिंत. मातीच्या विटांच्या दोन भिंतींमधल्या पोकळीत कोरडा पेंढा, लाकडाचा भुसा किंवा कीस दाबून भरतात. हे उत्तर, पूर्व आणि पश्चिम बाजूंना करावे. दक्षिणेच्या ट्रॉम्ब भिंतीत पोकळी भरली तर तिचे कामच थांबते. भुसा कोरडाच हवा आणि वर्षा-दोन वर्षांत तो खाली बसतो, म्हणून वरून पुन्हा भरता येईल अशी जागा ठेवावी.

जाड भिंतींची आवड असणाऱ्यांनी ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप विसरू नये. मातीत रचलेल्या जड दगडी भिंती आणि वरचे मातीचे ओझे यांनीच तिथे माणसे गाडली. लडाखही भूकंपप्रवण आहे. जोत्याला, लिंटेलला आणि छताला सलग पट्टा, कोपऱ्यांत बांधणी आणि दुहेरी भिंतीचे दोन्ही पदर एकमेकांना बांधणारे दुवे, हे इन्सुलेशनइतकेच आवश्यक आहेत.

आता चोरवाटा, म्हणजे इन्सुलेशन चुकवून ऊब बाहेर पळते त्या जागा. सोलापुरात लिंटेलसोबत छज्जा बाहेर काढणे हा आपल्या हाताचा मळ. लेहमध्ये तो छज्जा म्हणजे उबदार बीमला जोडून थंडीत बाहेर काढलेली काँक्रीटची फळी. आतली ऊब तिच्यातून अखंड वाहत राहते. बाल्कनीचा स्लॅब, बाहेर दिसणारे कॉलम, पॅरापेट, खिडकीचा पाटा, या सगळ्यांचे तेच. छज्जा हवाच असेल, तर तो लाकडी किंवा पत्र्याचा, भिंतीला मोजक्या ठिकाणी अडकवलेला असावा. नकाशाच्या छेदावर पेन्सिल ठेवून इन्सुलेशनची रेघ पायापासून छतापर्यंत आणि पुन्हा खाली पायापर्यंत, हात न उचलता काढून पाहा. जिथे पेन्सिल उचलावी लागते, तिथे चोरवाट आहे.

पायरी ६: वाफेचा बंदोबस्त

पंढरपूर आणि तासगाव भागातली बेदाण्याची कोल्ड स्टोरेज ज्यांनी आतून पाहिली आहेत, त्यांना ही पायरी लवकर कळेल. पफ पॅनेलच्या सांध्यातला सीलंट एखाद्या ठिकाणी सुटला, की बाहेरची दमट हवा तिथून आत शिरते आणि आतल्या बाजूला त्या सांध्यावर आधी ओल, मग काळसर बुरशी दिसू लागते; शून्याखालच्या खोलीत तिथे बर्फाची रेघच धरते. वाफ उबदार बाजूकडून थंड बाजूकडे जाते, म्हणून शीतगृहात बाष्परोधक पडदा बाहेरच्या अंगाला असतो. लेहच्या घरात उबदार बाजू आतली. पडदा आतल्या अंगाला, इन्सुलेशनच्या खोलीकडच्या बाजूला. कोल्ड स्टोरेजचा अनुभव असलेल्या माणसाने सवयीने तो बाहेर लावला, तर वाफ भिंतीत कोंडली जाते आणि आतल्या आत भिंत भिजते. भिजलेले रॉकवूल काहीही अडवत नाही.

किती वाफ? चार माणसांच्या घरात स्वयंपाक, अंघोळ, वाळत घातलेले कपडे आणि श्वास मिळून दिवसाला कित्येक लिटर पाणी हवेत जाते. २० अंशांची, ५० टक्के आर्द्रतेची हवा ९.३ अंशांच्या पृष्ठभागाला टेकली की पाणी सोडते. आपल्या इन्सुलेशन नसलेल्या नऊ इंची भिंतीची आतली बाजू, हिशेब केला तर, १०.७ अंशांवर येते. भिंतीच्या मध्यावर कसेबसे निभावते, पण कोपऱ्यात आणि कपाटामागे, जिथे ऊब पोहोचत नाही, तिथे घाम येणारच. इन्सुलेशन लावल्यावर तीच बाजू साडेअठरा अंशांवर जाते आणि बुरशीचा प्रश्न बहुतांशी मिटतो.

पडद्यासाठी जाड पॉलिथिन चालते. जोडावर निदान १५० मि.मी. पदर एकावर एक घ्या आणि पट्टी चिकटवून बंद करा. भिंतीचे बाहेरचे आवरण मात्र वाफ सोडणारे असावे, म्हणजे चुकून शिरलेली ओल बाहेर वाळेल. दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक लावणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे.

पायरी ७: घर हवाबंद करा

मोटारसायकलवर सोलापुरी चादर गुंडाळून बसले, तरी वारा आरपार जातो आणि हुडहुडी भरते; वरून साधे जर्किन घातले की तीच चादर ऊब धरते. इन्सुलेशन म्हणजे चादर आणि हवाबंद थर म्हणजे जर्किन, आणि दुसऱ्यावाचून पहिल्याचे पैसे वाया जातात. कॅनडातल्या रेजायना शहरात १९७७ मध्ये बांधलेल्या ‘सस्कॅचेवान कॉन्झर्वेशन हाउस’ने हे दाखवून दिले: जाड इन्सुलेशन, काटेकोर हवाबंदी आणि बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब परत घेणारे यंत्र, या तिघांच्या जोरावर तिथल्या कडाक्यातही नेहमीची भट्टी बसवावी लागली नाही.

मोजण्याची पद्धत अशी. दारात पंखा लावून घरात ५० पास्कल दाबफरक निर्माण करतात आणि तासाभरात घरातली हवा किती वेळा बदलते ते पाहतात. पॅसिव्ह हाउसची मर्यादा ०.६ वेळा आहे. हे यंत्र साइटवर मिळेलच असे नाही, पण अगरबत्ती मिळते. वारा असलेल्या दिवशी सगळी दारे-खिडक्या लावा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू करा, आणि पेटवलेली अगरबत्ती खिडकीच्या चौकटीभोवती, दाराच्या उंबऱ्याशी, छत आणि भिंत जुळते त्या रेघेवर सावकाश फिरवा. धूर सरळ वर जात असेल तर ठीक. आडवा पळाला की तिथे फट आहे. बाहेरच्या भिंतीतल्या स्विचबोर्डपाशी हमखास पळतो, कारण वायरमनने झिरी मारून पाइप टाकलेला असतो आणि तो पाइप छतापर्यंत मोकळा असतो. शक्यतो बाहेरच्या भिंतीत स्विचबोर्ड घेऊच नका. ही तपासणी आतला गिलावा आणि रंग होण्यापूर्वी करावी. नंतर फट सापडली तरी ती उघडून दुरुस्त करायला कोणी तयार होत नाही.

पायरी ८: खिडक्या आणि छत

आपल्याकडची अ‍ॅल्युमिनियमची स्लाइडिंग खिडकी तिकडे नेऊ नका. तिच्या रुळातून वारा येतो आणि फ्रेम स्वतःच चोरवाट असते. लाकडी किंवा यूपीव्हीसी चौकट, बिजागरीवर उघडणारी, रबरी पट्टीवर दाबून बसणारी झडप घ्या. साध्या एका काचेची यू-व्हॅल्यू ५.७, दोन काचांची २.८, आणि चांगल्या तीन काचांची ०.८ पर्यंत येते. दीड बाय १.२ मीटरच्या खिडकीतून उणे १५ च्या रात्री एका काचेने सुमारे ३६० वॉट जातात, दोन काचांनी १७५. दक्षिणेला दोन काचा आणि रात्री ओढायचा जाड, कडेला घट्ट बसणारा पडदा, एवढ्यावर लडाखमध्ये चांगले निभावते. सीलबंद दुहेरी काच कमी उंचीवर बनवून वर नेली, तर आतल्या कोंडलेल्या हवेच्या दाबाने ती फुगते आणि कधी तडकते. ऑर्डर देताना साइटची उंची पुरवठादाराला लेखी कळवा.

छताला भिंतीपेक्षा जास्त इन्सुलेशन द्या, १५० ते २०० मि.मी. धरून चाला. बर्फ जास्त पडणाऱ्या भागात उतरते छप्पर घ्यावे लागते आणि बर्फाचे वजन डिझाइनमध्ये धरावे लागते. पाण्याच्या सर्व नळ्या इन्सुलेशनच्या आतल्या बाजूने, शक्यतो आतल्या भिंतींतून न्या, आणि घर बंद ठेवायचे झाल्यास सगळे पाणी सोडून देता येईल असा सर्वांत खालचा व्हॉल्व्ह ठेवा.

पायरी ९: हवा बदलण्याची सोय

घर घट्ट झाले की आतली हवा मुद्दाम बदलावी लागते. लडाखमध्ये बुखारी, म्हणजे धुराडे असलेली पत्र्याची शेगडी, पेटवतात. हवाबंद खोलीत धुराड्याची जोडणी सैल असेल किंवा ताजी हवा येत नसेल, तर कार्बन मोनॉक्साइड जमतो, त्याला वास नसतो, आणि झोपेतच जीव जातो. बुखारीला जळणासाठी लागणारी हवा थेट बाहेरून आणणारा स्वतंत्र पाइप द्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. या बाबतीत मालकाची काटकसर ऐकून घेऊ नका.

वीजपुरवठा भरवशाचा असेल, तर ऊब परत मिळवणारे व्हेंटिलेशन यंत्र बसवता येते. त्यात बाहेर जाणारी उबदार हवा आणि आत येणारी थंड हवा पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी वाहतात आणि पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त ऊब घरातच राहते. कडाक्यात यंत्राच्या गाभ्यात बर्फ धरतो, म्हणून बर्फ काढण्याची सोय असलेलेच यंत्र मागवावे.

पायरी १०: कामाचे वेळापत्रक आणि काँक्रीट

आयएस ७८६१ या भारतीय मानकाचा पहिला भाग, म्हणजे कडक उन्हातले काँक्रीट, आपल्याला पाठ असतो. तिकडे दुसरा भाग लागतो. हवेचे तापमान ५ अंश किंवा त्याखाली आले की तो लागू होतो. ताज्या काँक्रीटमधले पाणी गोठले की ते सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि नुकतीच धरलेली पकड मोडते. साधारण ३.५ न्यूटन प्रति चौरस मि.मी. ताकद येईपर्यंत काँक्रीट गोठू देता कामा नये. त्यासाठी पाणी गरम करून वापरतात, खडी-वाळूत बर्फाचे कण नाहीत हे पाहतात, गोठलेल्या जमिनीवर किंवा सळईवर काँक्रीट ओतत नाहीत, आणि हिमाचे चक्र सोसावे म्हणून हवेचे सूक्ष्म बुडबुडे सोडणारे रसायन मिसळतात. स्लॅब टाकल्यावर सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी मारायची आपली शिस्त तिकडे घातक ठरते. पाणी न मारता वरून प्लॅस्टिक, त्यावर गवताच्या किंवा फोमच्या जाड रजया टाकून काँक्रीटची स्वतःची ऊब कोंडून ठेवायची, आणि सेंट्रिंग नेहमीपेक्षा उशिरा काढायचे.

लेहमध्ये ओल्या कामाचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर. रस्त्याने येणारा माल बर्फामुळे खिंडी बंद होण्याआधी पोहोचायला हवा, म्हणून काच, शीट, सीलंट आणि चिकटपट्ट्या यांची मागणी उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच नोंदवा. या छोट्या वस्तूंअभावी काम अडते, सिमेंटअभावी क्वचित. माणसांचेही वेळापत्रक आखा. सोलापूरहून विमानाने थेट उंचीवर गेलेल्या गड्याला पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती द्यावी लागते आणि त्यानंतरही त्याच्याकडून इथल्याइतक्या कामाची अपेक्षा ठेवता येत नाही. दरपत्रक भरताना हे धरले नाही, तर तोटा अंगावर येतो.

आवरणाची कामे, म्हणजे छत, खिडक्या आणि बाहेरचे इन्सुलेशन, ऑक्टोबरपूर्वी संपवा. आतले सुतारकाम आणि वायरिंग थंडीत चालू शकते. पहिल्या जानेवारीत उत्तरेकडच्या खोलीच्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर तापमान आणि आर्द्रता दाखवणारा मीटर ठेवून पहाटेच्या नोंदी घ्यायला मालकाला सांगा, आणि जळालेल्या लाकडाचा किंवा केरोसीनचा हिशेब त्याच वहीत लिहायला लावा. पुढच्या घराची भिंत किती जाड घ्यायची, ते त्या वहीवरून ठरवता येईल.